वेड मोजता आलं की भीती उरते का? (डार्केस्ट डंजन आणि मंडळी)

मिणमिणता
परवा रात्री दीडला डार्केस्ट डंजन हा व्हिडिओ गेम खेळत बसलो होतो. चौघांची पार्टी, तिसरी खोली, मशाल तिशीत आलेली. माझ्या व्हेस्टलचा (देवाचं नाव घेत बाकीच्यांच्या जखमा भरणारी जोगीण समजा) स्ट्रेस ९४. समोरच्या सांगाड्याने तिला क्रिट (नेहमीपेक्षा जबर घाव) हाणला, आकडा शंभरीपार. पडदा काळवंडला, निवेदकाचा तो खर्जातला आवाज, बाई डोकं धरून उभी. आणि मी काय करतोय, तर हिशोब. चारांत एकदा व्हर्च्यू लागतं (माणूस उजळतो), तीनदा अफ्लिक्शन (बिथरतो). लागलं 'पॅरानॉइड'. म्हटलं चला, 'सेल्फिश' झाली असती तर वाटेतला माल खिशात घातला असता, निदान ते तरी टळलं. आणि मग एकदम चरकलो. एक बाई माझ्यासमोर भ्रमिष्ट झाली आणि मी नफातोटा काढतोय!

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: वाड्याखाली काहीतरी अभद्र आहे, तुम्ही वारस, भाडोत्री वीर गोळा करून खाली पाठवायचे. प्रत्येकाला जिवाचा मीटर वेगळा आणि मनाचा वेगळा. मनाचा ० ते २००. शंभरला माणूस बिथरतो, क्वचित उलट उजळून निघतो. दोनशेला हार्ट अटॅक. मेलेला परत येत नाही, आणि खेळ आपला आपण सेव्ह होतो, म्हणजे मागे जायची सोय नाही.

पहिल्या आठवड्यात हाच खेळ मी दिवे लावून खेळायचो. आता साठेक तासांनंतर भीती पार गेली, उरली ती कारकुनी. म्हणून प्रश्न: वेडाला आकडा दिला की भीतीचा जीवच जातो का? की माझंच कातडं निबर झालंय? अनुभव लिहा.

तिरकस
साठ तास एका खेळात घालवल्यावर बिथरलं कोण, व्हेस्टल की तू?

घुबड
आकड्याने भीती मरते याला माझा जोरदार +१. २०१० चा अ‍ॅम्नेशिया खेळलायस का? त्यातही अंधारात उभं राहिलं, राक्षसाकडे बघितलं की मन ढासळतं. पण आकडा कुठेच नाही. सामानाची पेटी उघडली की तिथे फक्त वाक्य: डोकं जरा दुखतंय, किंवा डोकं ठणकतंय आणि हात थरथरतायत. किती ठणकतंय, अजून किती सहन होईल, काही पत्ता लागत नाही. मग दात खाण्याचा आवाज येतो, पडदा डोलायला लागतो. मी कपाटात लपले होते आणि बाहेर पावलं वाजत होती. दार किलकिलं करून बघावं तर राक्षस दिसेल आणि मन ढासळेल, न बघावं तर तो गेला की नाही ते कळणार नाही. मी खरोखरची पाच मिनिटं त्या कपाटात काढली. कोणता मीटर असं करू शकतो?

फासेफेक्या
घुबडताई, तुम्ही म्हणता ती गंमत अ‍ॅम्नेशियात एकदाच येते. मेलात तर थोडं मागून परत सुरू, नुकसान काय? रोगलाइकमध्ये मागे जाताच येत नाही, म्हणून तिथे शंभराचा आकडासुद्धा पोटात गोळा आणतो. मशाल विझवून खेळून बघा म्हणावं मिणमिणत्याला. उजेड कमी तितका माल जास्त, तितकाच स्ट्रेसही. शून्यावर आणलीत तर शॅम्बलर नावाचं प्रकरण भेटायला येतं. माझे चार तयार गडी त्याने एका बैठकीत खाल्ले. त्यानंतर दोन दिवस मी तो खेळ उघडला नाही. ही भीती नाही तर काय आहे?

तिरकस
त्याला मराठीत हाव म्हणतात.

पाहुणा१०१
अडाणी प्रश्न, पण रोगलाइक म्हणजे नक्की काय? मला वाटलं ठगासारखा कोणीतरी हिरो असतो.

जुनाजाणता
आला एकदाचा हा प्रश्न. १९८० साली 'रोग' नावाचा खेळ आला. संगणकाच्या काळ्या पडद्यावर अक्षरांनी काढलेलं तळघर, तुम्ही स्वतः म्हणजे एक @ चिन्ह. तळघर दर खेपेला नव्याने रचलं जायचं आणि मेलात की सगळं संपलं, पहिल्या पायरीपासून सुरुवात. त्याच्यासारखे ते रोगलाइक. २००८ मध्ये बर्लिनला जाणकार मंडळी जमली आणि त्यांनी लक्षणांची यादीच केली: यादृच्छिक नकाशा, कायमचं मरण, आळीपाळीने चाल वगैरे.

आता वाद ओढवून घेतो. डार्केस्ट डंजन त्या यादीत पुरता बसत नाही. माणूस मरतो, पण तुमचं गाव राहतं, मठ-गुत्ता-इस्पितळ बांधलेलं राहतं. हरलात तरी काही ना काही शिल्लक. त्याला रोगलाइट म्हणा.

फासेफेक्या
आजोबा, प्लीज. ही भांडणं सुरू झाली की धागा शंभरी गाठतो आणि मूळ प्रश्न तळघरातच राहतो.

जुनाजाणता
आजोबा कोणाला म्हणतोस रे! आणि हा फरक मूळ प्रश्नाशीच आहे. गाव शिल्लक राहतं म्हणूनच मिणमिणता कारकून झाला. तो तळघरात नसतोच, तो वर वाड्यात बसून माणसं पाठवतो. 'रोग'मध्ये @ मेला की मी मेलो. इथे व्हेस्टल मेली की पुढच्या आठवड्याच्या घोडागाडीतून दुसरी येते, तीही फुकट. भीती कशाची वाटणार?

मिणमिणता
जुनाजाणताजी, हे बरोबर वर्मावर लागलं. घोडागाडीतून नवे गडी येतात आणि मी त्यांची नावंसुद्धा वाचत नाही. दोन मोहिमा राबवायचे, स्ट्रेस भरला की हाकलायचे, नवे घ्यायचे. त्यांना विसावा देण्यात पैसे घालवण्यापेक्षा हे परवडतं. आत्ता लिहिताना वाचून स्वतःचीच लाज वाटली.

निवांत
मी तर सरळ सोप्या रेडियंट मोडमध्ये खेळते आणि मजेत आहे. सगळ्यांनी इतकं सोसलंच पाहिजे का? हलके घ्या.

कोडेवाला
मीटरचा इतिहास काढायचा तर व्हिडिओ गेमच्या आधी जावं लागेल. १९८१ ला केओसियम कंपनीने सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ कथुलू' हा टेबलावर खेळायचा फाशांचा खेळ काढला. त्यात प्रत्येक पात्राला सॅनिटीचे, म्हणजे मन ताळ्यावर असण्याचे गुण असतात, आणि त्यातली मेख भारी आहे. अभद्र पोथ्या वाचून तुमचं त्या विषयातलं ज्ञान जितकं वाढेल, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ मधून वजा होत जाते. शिकलेलं विसरता येत नाही, त्यामुळे गेलेली मर्यादा परत मिळत नाही.

अजून एक नियम, माझा सर्वात लाडका. एका फटक्यात पाच किंवा जास्त गुण गेले की बुद्धीचा फासा टाकायचा. तो जिंकलात तर वेड लागतं. हरलात तर वाचलात, कारण आपण काय पाहिलं ते तुमच्या डोक्यात शिरलंच नाही. सांगायचं हे की आकडा असूनही भिववता येतं, आकड्यामागचा विचार तसा हवा.

घुबड
जिंकलात तर वेड! कोडेवाला, दंडवत.

तिरकस
या नियमाने मी आयुष्यभर सुरक्षित आहे.

ओलीसुकी
हाहाहा तिरकस.
मी डोन्ट स्टार्व्हवाली. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात मेंदूचं चित्र, आपला हिरो विल्सन, त्याचे २०० पॉइंट. अंधारात फिरलं, कच्चं राक्षसाचं मांस खाल्लं की उतरतात, फुलं तोडली की पाचपाचने चढतात. (आख्ख्या माळावरची फुलं ओरबाडून मन शांत करणारा दाढीवाला माणूस, यातच सगळं आलं.) मन पार उतरलं की सावल्यांचे प्राणी दिसायला लागतात, आणि आणखी उतरलं की ते खरोखर चावतात.

पहिल्यांदा सावली दिसली तेव्हा मी किंचाळले होते. मग कळलं की त्या सावल्या मारल्या की नाइटमेअर फ्युएल मिळतं आणि जादूच्या वस्तूंना ते लागतंच. आता मी मुद्दाम वेडी होते. उलट्या भिंतीला पाठ लावून उभी राहते, सावल्यांची वाट बघते, 'आली का गं बाई एकदाची' म्हणत झोडते. मिणमिणत्याचं अगदी पटलं. वेड ही रोजगार हमी झाली की भीती कुठली!

फासेफेक्या
उलटी भिंत म्हणजे?

ओलीसुकी
मीही विचार करतेय काय लिहिलं मी. भिंतीला पाठ लावून, एवढंच. उलटं माझं डोकं.

कोडेवाला
जाता जाता, डोन्ट स्टार्व्ह काढणारे क्लेई आणि डार्केस्ट डंजनचे रेड हुक, दोघेही कॅनडातल्या व्हँकुव्हरचे. त्या गावात मन:शांतीची टंचाई दिसते.

रात्रपाळी
बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यावर राहवलं नाही. मी मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे, त्यामुळे असे खेळ मी जरा वाकड्या नजरेनेच बघते. सोन्याची नाणी मोजली, आठवडाभर सॅनिटेरियमच्या खाटेवर ठेवलं की माणसाची खोड गायब, हे पाहून हसावं की रडावं कळत नाही. आणि 'वेडा' झाला म्हणजे सोबत्यांवर उलटणार, हा समज तर आम्हाला रोज निस्तरावा लागतो. आमच्याकडचे बहुतेक लोक दुसऱ्याला सोडा, स्वतःलाच घाबरलेले असतात.

पण डार्केस्ट डंजनने एक गोष्ट मात्र अचूक पकडली आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही. ताण लागट असतो. एक जण 'होपलेस' झाला की आपल्या पाळीला नुसता उभा राहतो आणि असं काहीतरी पुटपुटतो की बाकी तिघांचे मीटर चढतात. 'अब्यूसिव्ह' झालेला शेजारच्याला टोचून बोलतो, मग तो शेजारी शंभरीला येतो. साखळीच लागते. रात्री अडीचला वॉर्डात एक जण ओरडायला लागला की पुढच्या दहा मिनिटांत काय होतं ते मला माहीत आहे. आणि उलटही होतं. एक माणूस शांत राहिला तर अख्खी खोली निवते. खेळात ते व्हर्च्यू लागल्यावर होतं. चारांत एकदा. माझ्या मते प्रमाण थोडं कंजूष आहे.

मिणमिणता, तुमची भीती गेली याचं मला नवल नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मीही घाबरायचे. नंतर आपोआप तक्ते भरायला लागले.

मिणमिणता
रात्रपाळी, लिहित्या राहा हो. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

तिरकस
मी काहीतरी बोलणार होतो. राहू दे.

निवांत
तिरकसला व्हर्च्यू लागलं, तारीख लिहून ठेवा.

सवाई
कोणी २००२ च्या इटर्नल डार्कनेसचं नाव कसं काढलं नाही? निन्टेंडोच्या गेमक्यूब यंत्रावरचा. त्यात सॅनिटी उतरली की खेळ पात्राला सोडून तुम्हाला छळायचा. पडद्यावर टीव्हीसारखी आवाजाची पट्टी येऊन आवाज आपोआप कमी होणार. ऐन मारामारीत 'कंट्रोलर निघालाय' असा संदेश. आणि सगळ्यात नीच म्हणजे तुमचे सेव्ह पुसले जातायत असं दाखवायचा. सगळं खोटं. मोठ्या भावाने वायर तपासायला टीव्हीमागे उडी मारली होती ते मला अजून आठवतं. पडद्यावर त्याचं पात्र ओरडतंय, हा टीव्हीमागे.

निन्टेंडोने या कल्पनेवर पेटंटही घेतलं, २००५ मध्ये मंजूर झालं.

घुबड
हे खरं! त्यातही मीटर होता, हिरवा. तरी भीती होती, कारण खाली गेल्यावर पुढे काय होईल ते मीटर सांगत नव्हता. म्हणजे मी माझं वरचं मत जरा दुरुस्त करते. आकडा दिसणं वाईट नाही, आकड्याचा परिणाम पाठ होणं वाईट. मिणमिणत्याला पॅरानॉइड म्हणजे काय, सेल्फिश म्हणजे काय, सगळं तोंडपाठ आहे.

जुनाजाणता
मग साठ तासांनंतर कुठलाही खेळ भिववू शकत नाही असं म्हणा की. सेव्ह पुसल्याची थाप दुसऱ्यांदा चालते का?

सवाई
नाही चालत. भाऊ दुसऱ्यांदा हलला नाही. तिसऱ्यांदा वायर खरंच निघाली होती, तेव्हाही हलला नाही आणि मेला.

फासेफेक्या
खिक्! हाच खरा सॅनिटी इफेक्ट.

कोडेवाला
अवांतर आहे, पण 'वर्ल्ड ऑफ हॉरर' कोणी खेळतं का? पावेल कोझ्मिन्स्की या पोलंडच्या गृहस्थाने केलाय, पेशाने दंतवैद्य. सगळी चित्रं एमएस पेंटमध्ये, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत. शरीराची ताकद वेगळी, विवेक वेगळा, आणि वर जगबुडीची टक्केवारी, शंभर झाली की कारभार आटोपला. २०२३ ला पूर्ण आवृत्ती आली. पाऊण तासात एक डाव होतो, डार्केस्ट डंजनसारखा महिनाभर जुंपून घेत नाही. एकदा खेळता खेळता आरशासमोरचा प्रसंग आला, आणि तीन पर्यायांपैकी एकही मला दाबवेना. नुसते ठिपके, पण हात थांबला.

पाहुणा१०१
दंतवैद्य म्हणजे भीतीचा जाणकारच की.

तिरकस
पाहुण्याला कायम करून घ्या रे.

सवाई
डार्केस्टच्या दुसऱ्या भागाबद्दल कोणी लिहीलं नाही. २०२३ च्या मे महिन्यात पूर्ण झाला. त्यात स्ट्रेस दहापर्यंतच, दहाला मेल्टडाउन. शिवाय सोबत्यांची एकमेकांत मैत्री किंवा खुन्नस जमते. मला तो जास्त आवडला. दोनशेचा मीटर म्हणजे व्याजाचा तक्ता वाटायचा. दहा मात्र डोळ्यात भरतात, आठवर आला की हात आखडतो.

फासेफेक्या
मला नाही आवडला. गाव नाही, मठ नाही, गाडीत बसून नुसतं पुढे पुढे. पहिल्यात माझा क्रूसेडर (चिलखतवाला धर्मयोद्धा) मठात फक्त प्रार्थनाच करायचा, गुत्त्यात पाऊल टाकायला तयार नसायचा. आणि मठातली नेमकी तीच जागा केअरटेकर नावाचा म्हातारा अडवून बसलेला. सगळे आठवडाभर विसावतायत आणि हा बिचारा ताण घेऊन बाहेर उभा. असले हट्ट दुसऱ्यात नाहीत.

बाकी, स्ट्रेसवर खरा उतारा जेस्टर, म्हणजे विदूषक. एक नाही, दोन ठेवा. गाणं वाजवून एकेकाचा ताण उतरवतात.

जुनाजाणता
दोन जेस्टर म्हणजे तिरकस आणि तिरकसचा डुप्लिकेट आयडी.

फासेफेक्या
कल्पना सुचली!! मिणमिणत्या, तुझ्या गड्यांना आमची नावं दे. खेळात नाव बदलता येतं. मग बघू कारकुनी कशी करतोस ते. मी हायवेमन (वाटमाऱ्या) होणार, आत्ताच सांगून ठेवतो.

घुबड
मी प्लेग डॉक्टर. तोंडाला चोच आहे, शोभेल.

तिरकस
आणि त्या मीटरवर कागद चिकटव. एवढा आकड्यांचा त्रास होतोय तर झाक. पाच मिनिटांचं काम, एवढा मोठा धागा कशाला काढलास.

रात्रपाळी
तिरकस विनोदाने म्हणतायत, पण करून बघण्यासारखं आहे.

निवांत
मला कुठल्याही परिस्थितीत खाली पाठवू नका. मी गावात बसते.

मिणमिणता
मंडळी, केलं. वृत्तांत देतो.

लढाईत चौघांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यांच्या पायाखाली जिवाच्या पट्ट्या आणि ताणाचे ठिपके. त्या उंचीवर पडद्याला कागदाची आडवी पट्टी डकवली. खाली डाव्या कोपऱ्यात निवडलेल्या गड्याचे आकडे येतात, तिथे दुसरी चिठ्ठी. पहिल्या ओळीत जुनाजाणता (क्रूसेडर), मागे फासेफेक्या, मग तिरकस जेस्टर, शेवटी घुबड. खेळात देवनागरी टाकायच्या भानगडीत पडलो नाही, रोमनमध्ये लिहिली, त्यामुळे सगळे एका परक्या घराण्याचे वाटत होते. मोहीम जंगलातली, छोटी.

पहिल्या दोन लढाया काहीच झालं नाही. म्हणजे झालं असणार, मला दिसलं नाही. मग पहिल्यांदाच मी गड्यांच्या डोक्यावर येणारी वाक्यं वाचायला लागलो. साठ तासांत मी ती कधी वाचली नव्हती, टिचकी मारून पुढे जायचो. घुबड काहीतरी कुरकुरली. हे चाळीसचं कुरकुरणं की ऐंशीचं? कळेना. तिरकसला गाणं वाजवायला लावलं, तर कोणासाठी वाजवायचं ते कळेना. अंदाजाने जुनाजाणत्यासाठी वाजवलं. तेवढ्यात फासेफेक्याच्या अंगावर पडदा काळवंडला. अब्यूसिव्ह. त्यानंतर तो आपल्या पाळीला तिरकसलाच घालूनपाडून बोलत राहिला.

फासेफेक्या
हे मात्र वास्तववादी आहे.

मिणमिणता
थांब, संपलं नाही. शेवटची लढाई. समोर दोनच उरले होते. मला वाटलं जिंकलो. जुनाजाणता 'डेथ्स डोअर'वर, म्हणजे जीव शून्यावर येऊन मरणाच्या दारात होता हे माहीत होतं, कारण तेव्हा खेळ ओरडून सांगतो. म्हटलं दारात उभं असताना प्रत्येक घावाला ६७ टक्के वाचायची संधी असते, एक घाव झेलेल. घाव बसला तो ताणाचा, अंगाला नख लागलं नाही. आणि हा छाती धरून खाली बसला. हार्ट अटॅक. दारात उभ्या असलेल्याला हार्ट अटॅक आला की फासा पडत नाही. तो दोनशेच्या इतका जवळ कधी पोचला, मला पत्ताच नाही. मी त्याला तलवार चालवायला लावत होतो.

जिंकलो तरी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. मग पट्टी काढली. घुबड १८० च्या पुढे होती.

घुबड
अगं आई गं.

जुनाजाणता
माझी तीच गत होणार होती. २०१५ च्या जुलैत, खेळ अजून अर्धाकच्चा असताना, त्यांनी हे हार्ट अटॅक आणि शत्रूंची आडवी पडलेली प्रेतं घातली, तेव्हा लोकांनी केवढा दंगा केला होता. मेलेला शत्रू जागा अडवून पडतो, मागच्याला तलवार पोचत नाही. शेवटी त्यांनी दोन्ही बंद करायची सोय दिली. मी तेव्हा 'बंद करू नका' म्हणून तावातावाने लिहिलं होतं. हे घ्या फळ.

मिणमिणता, मग भीती वाटली की नाही ते सांग. मी त्यासाठी मेलोय.

मिणमिणता
वाटली. पण तळघराची नाही. घुबड कुरकुरली तेव्हा मला वाटलं, ही मला आधीपासून सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो. साठ तास.

दुसऱ्या दिवशी पट्टी परत लावायला गेलो, हात धजावला नाही. आता परत मीटर बघूनच खेळतोय. वाक्यं मात्र वाचतो.

कोडेवाला
शेवटपर्यंत पोचलास का रे? (पुढे रहस्यभेद, ज्यांनी खेळायचाय त्यांनी उडी मारा.) अगदी शेवटच्या लढाईत दोनदा असं होतं की चौघांतला एक जण जाणार हे नक्की, आणि कोण ते खेळ तुम्हालाच विचारतो. मशाल नाही, मीटर नाही, टक्केवारी नाही. तू बोट दाखवायचं. मी तिथे हिशोब करायला गेलो, तर करायला काही नव्हतंच. एकाकडे दोन मिनिटं बघत होतो. तो माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता.

सवाई
कोणाला दाखवलंस?

कोडेवाला
रेनॉल्ड. सुरुवातीला फुकट मिळतो तो क्रूसेडर. हाताला चोरीची खोड होती, मी पैसे देऊन कधी काढली नाही.

ओलीसुकी
मी आज मुद्दाम वेडी न होता खेळले. फुलंही तोडली नाहीत. दहाव्या दिवशी उपाशी मेले, पण ते वेगळ्या कारणाने.

रात्रपाळी
निवेदकाला आवाज देणारे वेन जून गेले, २०२५ च्या जानेवारीत. त्यांच्या आवाजासाठी मी हा खेळ रात्रपाळीनंतर लावायचे, खेळायचे नाही, नुसतं गावात फिरायचे.

निवांत
बघा, मी म्हटलं नव्हतं गावातच बसावं.

जुनाजाणता
सगळं झालं, पण गावाच्या स्मशानात मेलेल्यांची नावं राहतात, तिथे माझं कसं लिहिलंय ते बघून सांग. शेवटी एकच 'ए' दिलायस की दोन?

मिणमिणता
एकच. माफ करा.

तिरकस
आणि मी? मी अजून जिवंत आहे का?

मिणमिणता
स्ट्रेस ६१. गुत्त्यात पाठवलंय. पण आठवडा संपला तरी परतला नाहीस, 'बेपत्ता' दाखवतंय.

फासेफेक्या
शोधायला मी जातो, मला अजून त्याच्याशी बोलायचंय.